तीन मॅचचा जाणकार

अमेरिकेतल्या केंटकी राज्यात व्यावसायिक खेळांच्या मोठ्या लीगमधली एकही टीम नाही. ना एनबीएची, ना एनएफएलची, ना बेसबॉलची. त्यामुळे राज्यातलं झाडून सगळं प्रेम, सगळा राग, सगळे नवस आणि शिव्या लेक्सिंग्टनच्या विद्यापीठातल्या एकोणीस-वीस वर्षांच्या दहा-बारा पोरांच्या वाट्याला येतात. ही पोरं निळ्या कपड्यांत बास्केटबॉल खेळतात. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात सीझन सुरू होतो, मार्चमध्ये ६८ टीमची राष्ट्रीय स्पर्धा भरते आणि एप्रिलच्या सुरुवातीला विजेता ठरतो. म्हणजे निकालाला चांगले पाच महिने असतात. आमच्या या गृहस्थाला मात्र तो तिसऱ्या मॅचच्या मध्यंतरालाच कळलेला असतो.

हा गृहस्थ कुठेही भेटतो. न्हाव्याच्या दुकानात तर हमखास. कधी खुर्चीत बसलेला, कधी मागे कात्री घेऊन उभा. दातांच्या डॉक्टरच्या रूपात भेटला तर पंचाईत होते. तुमचा जबडा वासलेला, तोंडात नळी, आणि तो विचारतो, "मला एक सांग, आपल्याकडे खरा सेंटर आहे का?" तुम्ही घशातून जो काही आवाज काढाल तो त्याला होकार वाटतो आणि मग सेंटर नसण्याची कारणं ऐकता ऐकता रूट कॅनाल उरकतं. या जातीत बायका नसतात असाही गैरसमज नको. बँकेच्या खिडकीपलीकडची सत्तरीला टेकलेली बाई नोटा मोजताना मध्येच थांबून म्हणते, "त्या नव्या पोराला डावीकडे जाताच येत नाही. बघा तुम्ही." नोटा पुन्हा पहिल्यापासून मोजते. डावीकडचं मत मात्र पुन्हा तपासत नाही.

नोव्हेंबरातल्या मॅचचा एक हिशोब असतो, तो आधी सांगायला हवा. मोठं विद्यापीठ छोट्या कॉलेजला पैसे देऊन आपल्या मैदानावर बोलावतं. छोटं कॉलेज येतं, हरतं, चेक घेऊन घरी जातं आणि त्या पैशांवर आपला खेळाचा विभाग चालवतं. दोघांचीही सोय होते. गैरसोय होते ती आमच्या गृहस्थाची, कारण अशा मॅचवरून निष्कर्ष काढायचा तरी काय? पण तो काढतो. टीम चाळीस गुणांनी जिंकली तर म्हणतो, "समोर होतं कोण? या पोरांची खरी परीक्षा झालीच नाही." आठ गुणांनी जिंकली तर म्हणतो, "यांच्यासमोर आठ? जानेवारीत टेनेसी सोलून काढेल." वीस गुणांनी जिंकली की जरा अडचण होते. मग तो मान डावी-उजवीकडे हलवतो आणि फ्री थ्रोवर येतो. फ्री थ्रो हा त्याचा राखीव साठा. जगातल्या कुठल्याही टीमने कुठल्याही रात्री चार-पाच फ्री थ्रो चुकवलेलेच असतात.

आणि हरली तर? १२ नोव्हेंबर २०१९. आठवडाभरापूर्वी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये मिशिगन स्टेटला हरवून केंटकीची टीम देशात पहिल्या क्रमांकावर गेलेली. इव्हान्सव्हिल नावाच्या छोट्या विद्यापीठाला ९० हजार डॉलर मोजून आपल्या मैदानावर, रप अरीनात, बोलावलेलं. इव्हान्सव्हिल आलं, ६७-६४ असं जिंकलं आणि चेकही घेऊन गेलं. त्यांचा कोच होता वॉल्टर मॅकार्टी, म्हणजे केंटकीच्याच १९९६ सालच्या विजेत्या टीमचा लाडका खेळाडू. त्या रात्री आमच्या गृहस्थाने सीझनचं रीतसर क्रियाकर्म उरकलं. कोचचं चुकलंच, पोरं लाडावलेली, पुढची दोन वर्षंही वाया. पुढे काय झालं? त्याच इव्हान्सव्हिलने आपल्या लीगमधल्या अठराच्या अठरा मॅच गमावल्या, आणि केंटकीने २५ जिंकून, ६ हरून आपली लीग खिशात घातली. आता मार्चमध्ये गृहस्थाचं तोंड बंद होणार म्हणून आम्ही टपून बसलो होतो, तर करोना आला आणि राष्ट्रीय स्पर्धाच रद्द झाली. घटक चाचणीच्या गुणांवरून पोराला दहावीत नापास ठरवणाऱ्या बापाच्या नशिबाने बोर्डाची परीक्षाच होऊ नये, तसं झालं. गृहस्थ आजही म्हणतो, "ती टीम पुढे जाणारच नव्हती." सिद्ध करा म्हणावं!

जाता जाता तारखेचं सांगतो. २०१३ सालीही १२ नोव्हेंबरलाच पहिल्या क्रमांकाची केंटकी मिशिगन स्टेटकडून हरली. २०२४ साली १२ नोव्हेंबरलाच तिने ड्यूकला हरवलं. तिन्ही वेळा मंगळवार होता. हे मी गृहस्थाला अजून सांगितलेलं नाही. त्याच्या शास्त्रात आणखी एका शाखेची भर नको.

त्याचं शास्त्र मुळात डोळ्यांवर चालतं, म्हणजे खेळाडूंच्या डोळ्यांवर. "पोरांच्या डोळ्यांत भूक दिसत नाही" हे त्याचं पहिलं निदान. रप अरीनात वीस हजारांवर माणसं बसतात. वरच्या रांगेतून खेळाडूच्या पाठीवरचा नंबर वाचायचा तर दुर्बीण लागते. भूक मात्र नुसत्या डोळ्यांनी दिसते. दुसरं निदान पायांचं: "डिफेन्सला पाय हलत नाहीत." हे म्हणताना स्वतः तो सोफ्यावर पाय लांब करून बसलेला असतो, आणि फ्रीजपर्यंत जायची वेळ आली की बायकोकडे पाहतो. तिसरं निदान टाइमआउटचं. कोचने घेतला तर लवकर घेतला, नाही घेतला तर का नाही घेतला, आणि अगदी वेळेवर घेतला तर "मी आत्ता हेच म्हणालो होतो की नाही?"

हल्ली या निदानांना आकड्यांची जोड मिळाली आहे. केन पॉमरॉय नावाच्या माणसाची एक क्रमवारी आहे. शंभर वेळा बॉल ताब्यात आला तर टीम किती गुण करते आणि किती देते, यावर ती चालते. चांगली आहे. पण सीझनच्या सुरुवातीला मॅचच झालेल्या नसतात म्हणून तिच्यात आधीचे अंदाज मिसळलेले असतात, आणि जसजशा मॅच होतात तसतसं ते मिश्रण पातळ होत जातं. हे पॉमरॉयला माहीत आहे. गृहस्थ मात्र नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात दशांश चिन्हानंतरचा आकडा धरून भांडतो. रोज सकाळी तो आधी स्वतःची साखर तपासतो आणि मग टीमचा डिफेन्स कितव्या क्रमांकावर आहे ते. दोन्ही वाढलेले असतात.

"आपण सत्तेचाळिसावे आहोत," एकदा त्याने मला कुंपणापलीकडून हाक मारून सांगितलं.

"काल?"

"काल चव्वेचाळीस होतो."

"पण काल मॅच कुठे होती?"

"तेच तर म्हणतोय ना! न खेळता तीन जागा घसरलो. ही टीम घरी बसूनही हरते."

आता १९९६. या गृहस्थाशी बोलायचं तर १९९६ टाळता येत नाही. केंटकीने राष्ट्रीय विजेतेपद आठ वेळा मिळवलं आहे, पण रिक पिटिनोच्या हाताखालची १९९६ची टीम म्हणजे त्याचा देव्हारा. त्यातले नऊ जण पुढे एनबीएत खेळले. आजचा कुठलाही अठरा वर्षांचा पोरगा त्या टीमशेजारी उभा केला जातो आणि अर्थात बुटका ठरतो. गंमत अशी की त्या टीमने सीझनमध्ये दोनच मॅच गमावल्या, आणि त्यातली एक होती चक्क नोव्हेंबरात. मॅसॅच्युसेट्सने त्यांना ९२-८२ असं हरवलं. मॅसॅच्युसेट्सचा तेव्हाचा कोच जॉन कॅलिपारी. तोच पुढे केंटकीत येऊन पंधरा वर्षं राहिला आणि त्याने २०१२ सालचं विजेतेपद मिळवून दिलं. १९९६च्या मार्चच्या शेवटी उपांत्य फेरीत केंटकीने त्या हरण्याची परतफेडही केली. हे सगळं गृहस्थाला तोंडपाठ आहे. फक्त नोव्हेंबरातलं हरणं तेवढं त्याच्या लक्षात राहत नाही. आठवण करून दिली की म्हणतो, "ते वेगळं होतं. त्या पोरांच्या डोळ्यांत भूक होती."

त्याचे अंदाज चुकल्याची यादी लांब आहे. २०१३च्या शरद ऋतूत 'चाळीस-शून्य' असं छापलेले टी-शर्ट निघाले होते. चाळीस जिंकणार, एकही हरणार नाही. गृहस्थाच्या अंगातही तो होता. सीझनचा पहिला महिना सरायच्या आत तो टी-शर्ट गॅरेजमध्ये गाडी पुसायला गेला. डिसेंबरपासून त्याने टीमला "गेल्या वीस वर्षांतली सर्वांत आळशी" ठरवलं. मार्चपर्यंत दहा मॅच गमावून आठव्या मानांकनाने आत शिरलेली तीच आळशी पोरं थेट अंतिम सामन्यात पोचली आणि कनेक्टिकटकडून ६०-५४ अशी हरली. म्हणजे सप्टेंबरातही त्याचं चुकलं, डिसेंबरातही चुकलं. याचा त्याने काढलेला निष्कर्ष एकच: कोचने पोरांना उशिरा जागं केलं.

पण त्याला नुसता हसण्यावारी नेता येत नाही, कारण अधूनमधून त्याचं खरं होतं. नोव्हेंबर २०१४मध्ये केंटकीने कॅन्ससला ७२-४० असं धुतलं. गावात फटाके फुटायचे तेवढे बाकी होते आणि हा म्हणाला, "यांना घासून मॅच जिंकायची सवयच लागणार नाही." लोक हसले. टीम ३८ मॅच ओळीने जिंकली. एकोणचाळिसावी उपांत्य फेरीत विस्कॉन्सिनशी अगदी घासून झाली आणि ७१-६४ अशी गेली. २०२०मध्ये पहिल्या सातपैकी एकच जिंकल्यावर त्याने सीझनला मूठमाती दिली. ९ विजय आणि १६ पराभवांवर सीझन संपला. ही दोन प्रशस्तिपत्रकं त्याला जन्मभर पुरतील. दहा वर्षं रोज पाऊस सांगावा आणि दोनदा भिजावं, तरी भिजलेलंच लक्षात राहतं.

याच गृहस्थाच्या पोटात एक आशावादीही राहतो. तो वर्षातून एकदाच बाहेर येतो. २०२४ साल घ्या. मार्चमध्ये ओकलंड नावाच्या चौदाव्या मानांकित टीमकडून हरल्यावर "कॅलिपारी जायलाच पाहिजे" असं हा चार ठिकाणी बोलला. एप्रिलमध्ये कॅलिपारी खरोखरच आर्कन्सासला गेला, तर "असा कसा गेला?" म्हणून चिडला. मार्क पोप कोच म्हणून आला. हाही १९९६च्या टीममधलाच, तिचा एक कर्णधार. त्याच्या स्वागताला रप अरीना तुडुंब भरलं. नुसती ओळख करून द्यायचा कार्यक्रम, बॉल एकदाही जमिनीवर आपटला नाही. नोव्हेंबरात ड्यूकला ७७-७२ असं हरवल्यावर गृहस्थाने सॅन अँटोनियोत एप्रिलमधल्या अंतिम फेरीसाठी हॉटेलची खोली धरली. फेब्रुवारीच्या पहिल्या तारखेला कॅलिपारी आर्कन्सासची टीम घेऊन लेक्सिंग्टनला आला आणि जिंकून गेला. खोली रद्द झाली. मार्चमध्ये टीम शेवटच्या सोळांत पोचली, तेव्हा याने पुन्हा चौकशी केली. भाडं दुप्पट झालं होतं. टेनेसीने तो प्रश्न सोडवला.

एवढी चिंता एका माणसाला कशाला लागते, हा प्रश्न मी पुष्कळदा मनात घोळवला आहे. मला वाटतं, याचं मूळ २८ मार्च १९९२च्या रात्रीत आहे. फिलाडेल्फिया, ड्यूकविरुद्ध जादा वेळ, केंटकी एका गुणाने पुढे, घड्याळात २.१ सेकंद. ग्रँट हिलने एका टोकाहून बॉल फेकला, ख्रिश्चन लेटनरने तो झेलला, वळला आणि टाकला. १०४-१०३. तेव्हा जे चाळिशीत होते ते आता सत्तरीत आहेत, आणि तेव्हा जे जन्मलेही नव्हते तेही त्या शॉटविषयी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्यासारखं बोलतात. टीम पुढे असतानाच सगळ्यांत जास्त भ्यायचं हे या राज्याने त्या रात्री ठरवून टाकलं. म्हणून गृहस्थ नोव्हेंबरपासूनच हप्त्याहप्त्याने दुःख करून घेतो. मार्चमध्ये एकरकमी आलं तर झेपायचं नाही.

आमची मराठी मंडळीही यातून सुटलेली नाहीत. पुण्या-नाशिकचा इंजिनीयर इथे येतो तेव्हा त्याला बास्केटबॉलमधलं शाळेच्या मैदानावरच्या रिंगपलीकडे काही माहीत नसतं. पहिल्या हिवाळ्यात ऑफिसातल्या गप्पांत तो गप्प बसतो. दुसऱ्या हिवाळ्यात बोलण्यापुरता स्कोअर पाहून ठेवतो. तिसऱ्या दिवाळीला फराळ चालू असताना तळघरातल्या टीव्हीसमोर, चिवड्यातले काजू निवडत, तो म्हणतो, "आपला पॉइंट गार्ड फार घाई करतो हो." 'आपला'! त्याच्या बायकोने हे ऐकून ज्या नजरेने पाहिलं ती मी विसरलेलो नाही. त्यांच्या मुलाला मात्र यात काही नवल वाटत नाही. तो इथेच जन्मला आहे, आठ वर्षांचा आहे आणि त्याच्या मते बापाला खेळातलं कळत नाही. चूक पॉइंट गार्डची नसून बेंचची आहे.

तेव्हा नोव्हेंबरात कधी लेक्सिंग्टनला आलात आणि हा गृहस्थ समोर ठाकला, तर "अजून पुष्कळ सीझन बाकी आहे" एवढं मात्र म्हणू नका. त्याच्यासारख्याला याहून मोठा अपमान नाही. नुसता सुस्कारा टाका आणि म्हणा, "रिबाउंडिंगचं काही खरं दिसत नाही." मॅच पाहिलेली असण्याची गरज नाही. तो तुम्हाला जेवायला घरी नेईल.