अक्सीर इलाज काढू इच्छिणाऱ्यांस चार सूचना

राणी व्हिक्टोरियाच्या राज्यात राहून ज्यांना श्रीमंत व्हायचं आहे, पण वैद्यकाचा गंध नाही, त्यांनी निराश होऊ नये. ज्याला रोगांची नावं माहीत असतात तो एकेका रोगावर वेगळं औषध शोधत बसतो आणि म्हातारपणी भाड्याच्या खोलीत मरतो. तुम्ही एकच गोळी काढा आणि सगळे रोग तिच्यावर सोपवा. पित्त, डोकेदुखी, दमा, अपचन, जळवात, मनाची उदासी. आणि शेवटी ‘इत्यादी’ लिहायला विसरू नका. आपल्याला काय झालंय हेच ज्याला कळत नाही, तो त्या ‘इत्यादी’त बसतो, आणि खरं गिऱ्हाईक तोच असतो.

गोळीत घालायचं काय, या प्रश्नाचा नवशिके फार काथ्याकूट करतात. लँकेशरमधल्या सेंट हेलेन्सच्या टॉमस बीचमने काळा बोळ, सुंठ आणि साबण एवढ्यावर भागवलं. तिन्ही जिन्नस कुठल्याही आजीच्या घरात मिळाले असते, साबण तर मोरीतच. यात कळीचा जिन्नस काळा बोळ. त्याने दुसऱ्या दिवशी सकाळी पोट असं काही साफ होतं, की औषध लागू पडल्याचा पुरावा रोग्याला स्वतःच मिळतो. पदवीधर डॉक्टरांना इतक्या तातडीने पुरावा देणं क्वचितच जमलंय.

हिशेबाकडे मात्र लक्ष हवं. बीचमची 56 गोळ्यांची डबी एक शिलिंग दीड पेनीला मिळे. ब्रिटिश मेडिकल असोसिएशनने 1909 साली पृथक्करण करून आतल्या मालाची किंमत काढली ती अर्धा फार्दिंग. पेनीचे फार्दिंग चार, शिलिंगाच्या पेनी बारा. म्हणजे एकाचे 108 झाले, जपमाळेच्या मण्यांइतके. शिवाय ‘डबीचं मोल एक गिनी’ असं बीचम जाहिरातीत छापत असे. गिनी म्हणजे 21 शिलिंग. तेव्हा डबी घेणाऱ्याचेच जवळजवळ 20 शिलिंग वाचत होते, हेही लक्षात घ्या.

किमतीतली ती वरची दीड पेनी सरकारची. अशा औषधाच्या वेष्टनावर कराचं तिकीट लावावं लागे. हा कर कधीही चुकवू नका. सरकारने तुमच्याकडून पैसे घेतले, एवढाच त्या तिकिटाचा अर्थ. पण राजमुद्रेसारखं काही दिसलं की सरकारनेच गोळी चाखून पाहिली, अशी लोकांची समजूत होते. ती दूर करण्याचं काम तुमचं नव्हे. आणि औषधाला सगळे पेटंट म्हणत असले तरी चुकूनही पेटंट घ्यायला जाऊ नका. त्यासाठी कृती लिहून द्यावी लागते, मग सुंठ आणि साबण चव्हाट्यावर येतात.

खरं औषध शाईत असतं, हे टॉमस हॉलोवेला जितकं कळलं तितकं कुणालाच नाही. 1837 साली त्याने मलम काढलं, पुढे गोळ्याही. त्याआधी अल्बिनोलो नावाच्या इटालियन मलमवाल्याशी त्याची ओळख झाली होती आणि लंडनच्या मोठ्या सर्जनांची प्रशस्तिपत्रं कशी मिळवतात हे त्याने पाहून घेतलं होतं. लवकरच हॉलोवेच्या जाहिरातीत हर्बर्ट मेयो या सर्जनचं पत्र झळकलं. ते पत्र माझ्या मलमाबद्दल होतं, असा अल्बिनोलोने आरडाओरडा केला, पण जाहिरातीला पैसे कुणाकडे जास्त होते हे सांगायला नको. तेही पुढे संपले आणि कर्जापायी हॉलोवेला तुरुंग पाहावा लागला. बाहेर आल्यावर त्याने गोळीत काय सुधारणा केली, असं विचाराल तर तुम्ही या धंद्याला अगदीच नालायक आहात. त्याने जाहिरात वाढवली. 1842 साली वर्षाला 5,000 पौंड, 1855 साली 30,000, आणि 1883 साली तो वारला तोवर 50,000 च्या घरात. सुरुवातीच्या काळात तो रोज गोदीवर जाऊन जहाजांच्या कप्तानांना आणि प्रवाशांना गाठत असे; जहाज गेलं की गोळ्याही परदेशी गेल्या. वापराच्या सूचना त्याने चिनी, तुर्की, अरबी आणि हिंदुस्थानातल्या बहुतेक देशी भाषांत छापून घेतल्या. सरकारचे कायदे रयतेच्या भाषेत यायला वेळ लागे; जुलाब आधी आला.

प्रशस्तिपत्र लांबच्या माणसाचं घ्या. शेजारच्या गल्लीतल्या रोग्याला कुणीही जाऊन भेटेल. क्लोरोडाइनवाल्यांनी हे शास्त्र पूर्णत्वाला नेलं. मूळ औषध डॉ. जॉन कॉलिस ब्राउन या लष्करी सर्जनचं. त्यात अफूचा अर्क, क्लोरोफॉर्म आणि गांजा. गांजाचे गुण कलकत्त्याच्या डॉ. ओशॉनेसींनी त्याआधीच विलायतेच्या कानावर घातले होते. इथल्या बैराग्याला जे चिलमीत मिळे, तेच साहेबाला बाटलीत, बुचासकट आणि कराच्या तिकिटासकट मिळू लागलं. अफूने जुलाब थांबतो आणि रोगी गुंगतो, तेव्हा आराम पडल्यासारखं वाटतंच. पण जाहिरात काय सांगते? मनिलामध्ये कॉलऱ्याने थैमान घातलंय आणि एकट्या क्लोरोडाइनचाच उपयोग होतोय, असं तिथल्या ब्रिटिश वाणिज्यदूताने परराष्ट्रमंत्री लॉर्ड रसेलना कळवलं आणि त्यांनी कॉलेज ऑफ फिजिशियन्सला. लंडनच्या कुठल्या गृहिणीने खातरजमा करायला मनिला गाठावी?

वर कोर्टात जावं, म्हणजे तोही खर्च जाहिरातीत वळता होतो. 1864 साली फ्रीमन नावाच्या प्रतिस्पर्ध्याशी खटला झाला, तेव्हा न्यायमूर्ती पेज वुड भर कोर्टात म्हणाले की क्लोरोडाइनचे जनक निःसंशय ब्राउनच. हे वाक्य पुढे कित्येक वर्षं जाहिरातीत छापून येत राहिलं. न्यायाधीशाचं प्रशस्तिपत्र, तेही फुकट (वकिलाची फी सोडून).

तुम्ही खरोखरीचे डॉक्टर असाल तर मात्र पंचाईत आहे. 1858 च्या कायद्याने डॉक्टरांची नोंदवही सुरू झाली आणि जाहिरात करणं धंद्याला काळिमा ठरलं. डॉ. ॲलिन्सन वर्तमानपत्रांतून लोकांना कोंड्यासकट पाव खा असं सांगत आणि सल्ल्यासाठी आपल्याकडे बोलावत. 1892 साली त्यांचं नाव वहीतून खोडण्यात आलं. म्हणून पुढच्या दाराने जाऊ नये. सर इरॅस्मस विल्सन या त्वचारोगतज्ज्ञांनी साबणाची स्तुती केली आणि पेअर्सवाल्यांनी ती छापली. विल्सननी काहीच विकलं नाही, तरी नाव घराघरांत पोचलं. सर मॉरेल मॅकेन्झींकडे जर्मन युवराजाचा घसा होता. रोगी सम्राट झाला, तीन-साडेतीन महिन्यांत वारला, आणि डॉक्टरांनी त्यावर पुस्तक काढलं. कॉलेज ऑफ सर्जन्सने कानउघाडणी केली, म्हणजे आणखी चार ओळी छापून आल्या.

ज्यांच्या वाट्याला सम्राट येत नाही, त्यांनी डिकन्सच्या ‘पिकविक पेपर्स’मधल्या बॉब सॉयरचा कित्ता गिरवावा. त्याचा नोकर पोरगा भलत्याच घरी औषधाची पुडी देऊन येतो आणि दुसऱ्या दिवशी ‘चूक झाली, आमच्याकडे रोग्यांची फार गर्दी’ म्हणत परत मागतो. चर्चमध्ये स्तोत्रं सुरू होण्याच्या जरा आधी धावत येऊन डॉक्टरांना बाहेर बोलावतो. पैसे देणारे पेशंट थोडे, पण सगळ्या पेठेला डॉक्टर माहीत. लंडनमध्ये हेही जमलं नाही, तर मुंबईची बोट धरावी. इलाख्यात डॉक्टरांच्या नोंदणीचा कायदा 1912 सालचा. तोवर ज्या वहीतून नाव खोडायचं ती वहीच इथे नव्हती. पितळी पाटी मात्र घासूनपुसून लावावी.

पकडले गेलो तर, ही शंका काढू नका. मेडिकल असोसिएशनचं ते 1909 चं पृथक्करण पुस्तकरूपाने निघालं तेव्हा अनेक वृत्तपत्रांनी त्याची जाहिरात छापायलाच नकार दिला. औषधवाल्यांच्या पैशावर त्यांचे छापखाने चालत होते. मग पार्लमेंटची समिती बसली, साक्षी झाल्या, दोन वर्षं खल चालला, जाडजूड अहवाल तयार झाला. तो प्रसिद्ध झाला 4 ऑगस्ट 1914 रोजी, आणि त्याच दिवशी इंग्लंडने जर्मनीशी युद्ध पुकारलं.