रिजेक्शनवाल्यांचं गाव

माल परत कसा पाठवावा, हे तळवड्याला कुणी शिकवायला नको. चाकणच्या कंपनीकडून बुशांचा अख्खा लॉट लाल टॅग लावून परत येतो. बोअर वीस मायक्रॉन मोठा. सोबत डेबिट नोट, 'कारण कळवा' असं पत्र, आणि टेम्पोचं भाडंही वर्कशॉपवाल्याच्याच माथी. तो हूं की चूं करत नाही.

तो टॅग लावणारा क्वालिटीवाला संध्याकाळी रुपीनगरात मिक्सर घेतो. दुसऱ्याच चटणीला मिक्सर धूर सोडतो. दुकानदार बिलाच्या तळाशी बोट ठेवतो : 'एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही.' मायक्रॉन मोजणारा हा गृहस्थ मुकाट घरी येतो आणि बायकोला सांगतो, 'पाट्यावरच्या चटणीची चव काही औरच!'

त्या छापील ओळीला कायद्यात काडीची किंमत नाही. सदोष माल बिलातल्या मुदतीत, मुदत लिहिली नसेल तर ३० दिवसांत, परत घेऊन पैसे द्यायला नकार देणं ही २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार अनुचित व्यापारी प्रथा आहे. बिल न देणं हीसुद्धा. पण 'बिल हवं तर जीएसटी लागेल हं' असं कुणी प्रेमानं म्हटलं, की आपण विरघळतो.

आधी ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ वर फोन करावा. नाही भागलं तर पुण्याचा जिल्हा ग्राहक आयोग. विक्रेता दिल्लीचा असला तरी तक्रार आपण राहतो तिथे करता येते. दोन वर्षांच्या आत करावी. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, वकिलाची सक्ती नाही. निकाल तीन महिन्यांत, माल तपासणीला गेला तर पाच महिन्यांत लावण्याचा प्रयत्न व्हावा, असं कायदा म्हणतो. प्रयत्नांना कुणाची ना आहे?

वर्कशॉपवाल्यांनी मात्र जपून. लक्ष्मी इंजिनिअरिंग वर्क्सनं सीएनसी मशीनची तक्रार केली. महाराष्ट्राच्या राज्य आयोगानं भरपाई दिली. राष्ट्रीय आयोग म्हणाला, हे ग्राहकच नव्हेत. १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही तेच म्हटलं. पोटापाण्यासाठी स्वतः चालवायला लेथ घेतलात तर तुम्ही ग्राहक. नफ्यासाठी मोठा कारखाना थाटलात की नाही.

तेव्हा ग्राहक राहायचं असेल तर धंदा बेतानंच वाढवावा. कंपन्या त्यासाठी लागेल ते सहकार्य करतातच, नव्वद दिवसांनी पेमेंट देऊन.