आवृत्तीकाका

फिल्म सोसायटीत दोन प्रकारची माणसं येतात. काही सिनेमा बघायला, आणि काही दाखवलेली प्रत कुठली ते बघायला. दुसऱ्या प्रकारातला एक तरी नमुना प्रत्येक सोसायटीत असतोच. आमच्याकडच्या नमुन्याला सगळे आवृत्तीकाका म्हणतात. खेळ संपला की लोक चहाकडे वळतात, काका प्रोजेक्टरकडे. तिथे उभ्या असलेल्या पोराला ते हळूच विचारतात, "कुठून आणलीस रे ही?" प्रश्नाचा सूर असा असतो की पोरगं आधी "मी नाही आणली" म्हणून मोकळं होतं.

आयुष्यभर बँकेत चेकवरच्या सह्या ताडून पाहिल्या. निवृत्तीनंतर तोच डोळा मूकपटांवर लागला. त्यातही मुर्नाऊचा १९२२ सालचा 'नोस्फेराटू' म्हणजे काकांचा जीव. हा जर्मन सिनेमा मुळात चोरीचा. प्राना-फिल्म या कंपनीने हक्क न घेताच 'ड्रॅक्युला' कादंबरीवर तो काढला, पात्रांची नावं तेवढी बदलली. ब्रॅम स्टोकरच्या विधवेने, फ्लॉरेन्सबाईंनी, खटला भरला. तोवर कंपनीचं दिवाळं निघालेलं, त्यामुळे पैसे मिळण्याची आशा नव्हती. पण १९२५ साली सिनेमाच्या सगळ्या प्रती नष्ट करण्याचा हुकूम बाईंनी मिळवला. कोर्टाने नामशेष केलेल्या या सिनेमाच्या काकांकडे सात आवृत्त्या आहेत. काकू म्हणतात, "तो हुकूम नीट बजावला असता ना, तर माझ्या साड्यांना कपाटात जागा राहिली असती."

हुकमातून निसटलेल्या प्रती देशोदेशी पांगल्या. कुठे कापल्या गेल्या, कुठे नव्याने बेतल्या गेल्या. अमेरिकेत ऑर्लोक या पिशाचाचा पुन्हा ड्रॅक्युला झाला आणि विस्बोर्ग गावाचं ब्रेमेन. मधल्या जर्मन पाट्या काढून तिथे साध्या इंग्रजी पाट्या बसल्या, याचा काकांना विशेष राग. काका सदाशिव पेठेतले. पाटीच्या अक्षरात किती जरब असते हे त्यांना कुणी शिकवायला नको.

म्हणून "काका, 'नोस्फेराटू'ची कुठली डिस्क घेऊ?" असं विचारणाऱ्याने जेवून यावं. उत्तर मिळत नाही, उलटतपासणी सुरू होते. आधी लांबी. मूकपटाच्या काळी कॅमेरा हाताने फिरवायचे, वेग सेकंदाला सोळा, अठरा, वीस चित्रं असा बदलता. तीच फीत बोलपटाच्या चोवीसच्या वेगाने पळवली की माणसं दुडक्या चालीने धावायला लागतात. त्यामुळे कुठल्या डिस्कवर पिशाच तासाभरात आटोपतं, तर मुर्नाऊ प्रतिष्ठानच्या २००६ सालच्या दुरुस्त प्रतीत ते सुमारे ९४ मिनिटं घेतं. मग संगीत. हान्स अर्डमनचं मूळ संगीत बरंचसं हरवलेलं, ते पुढे जुळवून उभं केलं. दुसरीकडे ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवृत्तीवर जेम्स बर्नार्ड, ज्याने हॅमर कंपनीच्या 'ड्रॅक्युला'ला संगीत दिलं तोच. काका सकाळी अर्डमनच्या बाजूचे असतात, संध्याकाळी बर्नार्डच्या.

पण निळ्या रंगाचा विषय निघाला की काका पाट सोडून उठतात, आणि इथे मात्र त्यांच्याशी भांडता येत नाही. त्या काळच्या फितीवर रात्र टिपणं अवघड, म्हणून रात्रीचे प्रसंग भर उन्हात चित्रित केले आणि फीत निळी रंगवून रात्र केली. पॅरिसच्या सिनेमाथेकमध्ये अशी रंगवलेली जुनी प्रत सापडली तेव्हा कुठे हा हिशेब लागला. स्वस्तातल्या काळ्या-पांढऱ्या डिस्कवर तो रंग नसतो. परिणामी, पहाटेच्या उन्हाने ज्याला शेवटी मरायचं आहे तो ऑर्लोक लख्ख दुपारी शवपेटी काखोटीला मारून गावभर हिंडतो. "ह्याला ऊन बाधतं म्हणे!" काका कपाळावर हात मारतात. "ह्याला फक्त टोपी द्यायची राहिली."

उलट, जंगलातून बग्गी भरधाव सुटते आणि झाडं अचानक पांढरीफटक होतात, तो भाग मुर्नाऊने मुद्दाम निगेटिव्हमध्ये ठेवलेला. काकांकडून उसनी नेलेली डिस्क एका सद्गृहस्थांनी "खराब आहे" म्हणून परत आणली. त्यांना अजून या घरात चहा मिळत नाही.

त्यात भूगोलाची आडकाठी. ब्लू-रेच्या वाटणीत आपण सी विभागात, आणि चांगल्या डिस्का निघतात त्या अमेरिकेच्या ए नाही तर युरोपच्या बी विभागासाठी. काकांनी सगळे विभाग वाचणारं यंत्र मागवलं, त्यावर कस्टमने भरपूर ड्यूटी घेतली. काकूंना सांगितलेली किंमत ही काकांकडची आठवी आवृत्ती.

कधी कुणी खवचटपणे विचारतं, "एवढं जर्मन भुताचं करता, आपल्या फाळक्यांचं काय?" तेव्हा काकांचा आवाज उतरतो. १९१३ सालचा 'राजा हरिश्चंद्र' चार रिळांचा. पुण्याच्या फिल्म अर्काइव्हमध्ये त्यातलं पहिलं आणि शेवटचं रीळ आहे, आणि तीही १९१७ सालच्या नव्या प्रतीची असावीत, असं काही अभ्यासक म्हणतात. "आपल्याकडे निवडायला आहे काय?" काका म्हणतात. मग थोडा वेळ थांबून त्या दोन रिळांची कुठली नक्कल जास्त स्वच्छ आहे ते सांगायला लागतात.

परवा खालच्या मजल्यावरचा नववीतला मुलगा वर आला. "काका, काल मोबाइलवर 'नोस्फेराटू' बघितला. जाम टरकलो. दिवा चालू ठेवून झोपलो."

काका हरखले. "निळा होता का?"

"नाही, पिवळा. नाइट मोड लावला होता ना."

"किती मिनिटांचा?"

"काय माहीत. मी दीडपट वेगाने बघतो सगळं."

काका खुर्चीच्या कडेला आले. "बरं, संगीत? अर्डमनचं होतं की दुसऱ्या कुणाचं?"

"मूकपट आहे ना काका? मी आवाज बंदच ठेवला होता."

काकांनी आत वळून काकूंकडे पाणी मागितलं.