अचानक भेट कशी द्यावी?

साहेब, नव्याने बदलून आलात आणि जव्हार-मोखाड्याला ‘अचानक भेट’ द्यायची म्हणता? काळजी नको. भल्याभल्यांना जमले आहे.

१. भेट अचानक आहे, हे तीन दिवस आधी कळवा. नाहीतर अंगणवाडीला रंग कधी लागणार, तारपेवाला कोण शोधणार आणि वारली चित्राची फ्रेम कुठून यायची?

२. महिना जपून निवडा. पावसाळा नकोच. घरातले धान्य संपलेले, आई भाताच्या आवणीच्या चिखलात, पाड्याची वाट ओढ्याखाली. पोरांची वजने नेमकी तेव्हाच घसरतात. १९९२-९३मध्ये इथल्याच वावर-वांगणीच्या बालमृत्यूंनी मंत्रालय हलले होते, तशी धावपळ तुमच्या वाट्याला कशाला? एप्रिल-मेही टाळा. मध्य वैतरणा धरण मोखाडा तालुक्यात, पाणी मुंबईला, आणि पाड्यावर टँकर. रिकामा हंडा घेऊन उभी असलेली एखादी बाई याचाच जाब विचारते.

जानेवारी उत्तम. हवा गार, रस्ता कोरडा. शिवाय दिवाळी उरकली की माणसे भिवंडी-वसईकडच्या वीटभट्ट्यांवर जातात, कच्चीबच्ची बरोबर घेऊन. पाड्यावर उरतात म्हातारी माणसे. ‘पाहणीवेळी कमी वजनाचे एकही बालक आढळले नाही’ हा शेरा तुम्हाला अक्षरशः खरे बोलून मारता येतो. ही सोय पावसाळ्यात नाही.

३. अंगणवाडीत एखादे पोर काट्याच्या झोळीत बसवतील. त्याने भोकाड पसरायच्या आत फोटो उरका. काट्याकडे बघू नका. आकडा रजिस्टरात आधीच लिहिलेला असतो.

४. ‘पुढचा पाडा किती लांब?’ हे चुकूनही विचारू नये. ‘ह्या टेकाडामागंच’ असे उत्तर येते आणि दोन तास चालावे लागते. त्याच वाटेने अडलेल्या बाईला डोलीतून आणतात, हे मनाला लावून घेऊ नका. तुमच्याकडे गाडी आहे.

५. परतताना शिरपामाळ बघून घ्या. सुरतेच्या १६६४च्या स्वारीवर जाताना शिवाजी महाराज तिथे थांबले होते. तुम्ही थांबू नका. चारला निघालात की त्र्यंबकमार्गे रात्रीच्या जेवणाला नाशिक.

दौऱ्याच्या बिलावर मात्र ‘मुक्काम : जव्हार’ लिहायला विसरू नका. मुक्कामाचा भत्ता त्यावरच मिळतो.