आधी त्यांना धरा

शहराला शिस्त लागलीच पाहिजे, याबद्दल अण्णांच्या मनात तिळमात्र शंका नाही. वाद आहे तो सुरुवात कुणापासून करायची, एवढाच. या एका मुद्द्यावर साताऱ्यात राजवाड्यासमोर, गोलबागेच्या कडेला, रोज सकाळी चहाच्या दोन फेऱ्या होईपर्यंत खल चालतो आणि तिसऱ्या फेरीचे पैसे कुणी द्यायचे यावर तो तहकूब होतो.

अण्णा म्हणजे कुणी एक गृहस्थ नव्हेत. वारांच्या नावाच्या पेठा असलेल्या या गावात पेठेगणिक एक अण्णा आहे. चिमणपुऱ्यात आहे, यादोगोपाळात आहे, शाहूपुरीत तर दोन आहेत आणि त्यांचं एकमेकांशी पटत नाही. वय साठीच्या पुढं. नोकरी जिल्हा परिषदेत नाहीतर ‘रयत’मध्ये झालेली. खिशाला दोन पेनं, एक सहीचं आणि एक लोकांना न देण्याचं. दाराशी जुनी चेतक, जी डावीकडं कलती केल्याशिवाय सुरू होत नाही. आणि तोंडात कायम एक वाक्य : ‘कारवाई झालीच पाहिजे, पण...’

या ‘पण’च्या पुढं अण्णांचं खरं व्यक्तिमत्त्व सुरू होतं. कुणी म्हणालं, रिक्षावाल्यांना धरा, की अण्णा म्हणतात, ‘त्यांचं पोट आहे हो त्यावर. आधी वडापवाल्यांना धरा.’ बरं, वडाप बंद करू. ‘गाडी वेळेवर मिळत नाही म्हणून माणूस वडापात बसतो. आधी त्या स्टँडसमोरच्या हातगाड्या हलवा.’ बरं, हातगाड्या. ‘गरिबाच्या हातगाडीवर कशाला जाता? नकाशात पार्किंग दाखवून तळघरात दुकानं काढतात, त्या बिल्डरला विचारा.’ बिल्डरला विचारायचं, तर त्याला परवानगी देणाऱ्याला आधी. परवानगी देणाऱ्याला विचारायचं, तर त्याला निवडून देणाऱ्याला आधी. इथं साखळी मतदारापाशी येते. मतदार म्हणजे बाकावर बसलेले आम्ही पाचजण. मग अण्णा वर बघतात, ‘चला, ऊन झालं,’ म्हणतात आणि उठतात.

अण्णा नुसते बोलतात असं मात्र कुणी म्हणू नये. ते अर्जही करतात. त्यांच्या रस्त्याला पी-१, पी-२ पार्किंग आहे. विषम तारखेला एका बाजूला गाड्या, सम तारखेला दुसऱ्या. अण्णांचं घर विषम बाजूला. महिनाभर सगळं सुरळीत चालतं, पण ३१ तारीख जवळ आली की त्यांचा रक्तदाब चढतो. ३१ विषम आणि दुसऱ्या दिवशीची १ तारीख, तीही विषम. म्हणजे लागोपाठ दोन दिवस अण्णांच्या दारात परक्यांच्या गाड्या. हे वर्षातून सात वेळा होतं, आणि लीप वर्षात २९ फेब्रुवारी धरून आठ वेळा. हा अन्याय अण्णांनी टाइप करून, चार प्रतींत, संबंधितांच्या निदर्शनास आणून दिला. शेवटी उपायही सुचवला : ‘सबब, ३१ तारीख ही पार्किंगपुरती सम मानण्यात यावी.’ तसं केलं तर ३० आणि ३१ असे दोन दिवस समोरच्यांच्या दारात गाड्या लागतील, हे कट्ट्यावर कुणीतरी दाखवून दिलं. अण्णा शांतपणे म्हणाले, ‘मग त्यांनी अर्ज करावा.’

कायद्याचा त्यांचा अभ्यास दांडगा. डिसेंबर २०२१ मध्ये राज्यात वाढीव दंड लागू झाले, तेव्हापासून सारे आकडे त्यांना मंडईतल्या भावासारखे पाठ आहेत. हेल्मेट नसेल तर पाचशे, वर तीन महिने लायसन्स निलंबित. ट्रिपल सीट हजार. लायसन्सच नसेल तर पाच हजार. आणि अल्पवयीन पोराच्या हातात गाडी दिली तर पंचवीस हजार रुपये आणि तीन वर्षांपर्यंत कैद. हे शेवटचं कलम अण्णांचं विशेष आवडतं. ‘आईबापांना आत टाकल्याशिवाय पोरं सुधारायची नाहीत,’ असं ते टेबलावर मूठ आपटून सांगत असतात, तेवढ्यात त्यांचा दहावीतला नातू मोपेडवरून क्लासला जाताना हात करून जातो.

‘गल्लीतल्या गल्लीत चालवतो तो,’ अण्णा म्हणतात. गल्ली पोवई नाक्यापर्यंत जाते. शिवाय त्यांच्या मते कायद्यानं पालकांना धरलंय, आजोबांना नव्हे. हे मत बरेच महिने टिकलं. मग एका सकाळी कट्ट्यावरच्या वकीलसाहेबांनी चष्मा पुसत सांगितलं, की कलम १९९-अ मध्ये ‘पालक किंवा वाहनाचा मालक’ असे शब्द आहेत. मोपेड अण्णांच्या नावावर आहे. त्या दिवशी चहा एकाच फेरीत आटोपला.

पोवई नाक्याच्या ग्रेड सेपरेटरवर अण्णांनी एखाद्या इंजिनिअरइतका वेळ खर्च केला आहे. काम चालू होतं तेवढे दिवस ते रोज खड्ड्याच्या कडेला उभे राहून, मागं हात बांधून, आत काय चुकतंय ते पाहत. २०२१ च्या जानेवारीत तो खुला झाला. अण्णा एकदाच त्यातून गेले आणि परत आले ते खट्टू होऊन. रस्ता चांगला आहे, दिवे चांगले आहेत, गाडी कुठं थांबत नाही. ‘पण खाली कुणी भेटत नाही,’ ते म्हणाले. वर नाक्यावर अडकलं की पाच मिनिटांत तीन ओळखीचे भेटत. एकाकडून कुणाचं लग्न ठरलं ते कळे, दुसऱ्याकडून कुणाचं मोडलं ते. जमिनीखाली हॉर्न वाजवावा, तर वळून बघणारं आपलं माणूस नाही. तेव्हापासून अण्णा वरूनच जातात आणि वर किती गर्दी असते याची तक्रार करतात.

अण्णांची लेक सांगलीत दिली आहे. तिचे सासरे तात्या गणपती पेठेत राहतात आणि हळदीच्या अडतीत त्यांचे केस पिवळ्याचे पांढरे झाले. वाहतुकीच्या बाबतीत तात्या म्हणजे सांगलीचे अण्णाच. फरक एवढाच, की अण्णा चिडून बोलतात आणि तात्या मान हलवून, समजुतीच्या सुरात, जास्त लागेल असं बोलतात. दिवाळीला दोघं समोरासमोर बसले की भडंगाची ताटली मध्ये ठेवून घरातली बाकी मंडळी आत निघून जातात.

‘पाव्हणं, तुमच्या साताऱ्यात कसली आलीय वाहतूक?’ तात्या सुरू करतात. ‘सगळं गाव उतारावर. गाडी न्यूट्रलला टाकली की आपोआप नाक्याला जाती. आमच्या हरभट रोडनं संध्याकाळी एकदा चारचाकी काढून दाखवा.’

‘तुम्हाला आमचा सप्टेंबर ठाऊक नाही तात्या. फुलं येतात कासला आणि गाड्या येतात आमच्या दारात. समर्थ मंदिरापासून यवतेश्वरचा घाट नुसता भरलेला. युनेस्कोनं २०१२ साली जागतिक वारसा दिला, पण गाड्या कुठं लावायच्या हे एका शब्दानं विचारलं नाही.’

‘फुलं काय, चार-सहा आठवड्यांची. आमचा ऊस बघा. गाळप सुरू झालं की एका ट्रॅक्टरमागं दोन ट्रॉल्या. पुढं टेपवर गाणं आणि मागं दिवा नाही. ट्रॉली कुठं संपली ते गाणं लांब गेल्यावर कळतंय.’

इथं अण्णांना दाद द्यावी लागते, आणि ती त्यांच्या जिवावर येते. तात्या मग हळूच आपली योजना मांडतात. १९२९ च्या आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी फुटांत मोजतात. चाळीस फूट झालं की इशारा, पंचेचाळीस झालं की धोका. सांगलीत शेंबड्या पोरालाही हे आकडे पाठ असतात, कारण २००५, २०१९ आणि २०२१ ला नदी कुठल्या पेठेत कितव्या पायरीपर्यंत आली होती, ते घरोघरी भिंतीवर दिसतं. तात्यांचं म्हणणं, तशीच पट्टी हरभट रोडला रंगवावी. रस्त्यात चाळीस दुचाक्या उभ्या झाल्या की इशारा. पंचेचाळीस झाल्या की धोका, आणि दुकानदारांनी माल वरच्या मजल्यावर हलवावा.

‘आणि भांडणाला काय पट्टी लावणार?’ अण्णा विचारतात.

‘भांडण आमच्याकडं होतच नाही. प्रयोग होतो.’ तात्यांच्या आवाजात अभिमान येतो. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली सांगलीत ‘सीता स्वयंवर’ केलं, तेव्हापासून सांगलीकराला उभं राहून बघायची सवय आहे. मारुती चौकात दोन स्कूटरींचे आरसे नुसते एकमेकांना घासले, तरी दोन मिनिटांत प्रेक्षागृह भरतं. पहिला अंक चूक कुणाची याचा, दुसरा तू मला ओळखत नाहीस याचा. तिसऱ्या अंकात दोघांचा एक समाईक मामेभाऊ निघतो आणि पडदा पडतो. रस्ता तोवर राम मंदिर चौकापर्यंत तुंबलेला.

एकदा या बैठकीत तात्यांचा धाकटा मुलगा पुण्याहून आलेला होता. बिचारा बोलून गेला, ‘हे काय ट्रॅफिक आहे का? पुण्यात या म्हणजे कळेल.’ क्षणात सातारा-सांगली एक झाली. ‘तुमच्या पुण्यात कसली आलीय वाहतूक?’ अण्णा गरजले. ‘शेजारच्या गाडीत कोण आहे, हे तरी कळतं का?’ तात्यांनी भडंगाची ताटली पोरापुढून काढून घेतली.

अण्णांच्या या प्रश्नातच सगळी गोम आहे, हे आम्हाला कळलं ते विसर्जनाच्या दिवशी. बंदोबस्ताला हात कमी पडतात म्हणून काही नागरिकांना स्वयंसेवक म्हणून उभं केलं होतं. अण्णांच्या अंगावर चमकणारं जाकीट आलं, गळ्यात शिट्टी आली आणि वाट्याला मोती चौकाचं एक तोंड आलं. इतक्या वर्षांच्या व्याख्यानांनंतर आता प्रात्यक्षिक होतं. आम्ही मुद्दाम बघायला गेलो.

पहिली दुचाकी राँग साइडनं आली. शिट्टी वाजली. ‘कोण रे? अरे, तू शिंदे सरांचा ना? सरांचं गुडघ्याचं ऑपरेशन कसं झालं? जा, जा, हळू जा.’ मग ट्रिपल सीट आले. मधला पोरगा अण्णांच्या भाचीचा दीर. ‘पुढच्या चौकात उतर हं एकजण.’ मग बुलेट आली, फटफट करत, नंबरप्लेटवर ४१४१ ची ‘दादा’ झालेली. अण्णांनी प्लेट वाचली, वर चेहरा वाचला आणि तो गेल्या निवडणुकीत पडलेल्या उमेदवाराचा पुतण्या निघाला. ‘आधीच त्यांच्या घरात दुःख आहे,’ अण्णा आमच्याकडं वळून म्हणाले. तासाभरात शिट्टी पुष्कळ वाजली आणि अडला कुणीच नाही. एका परीनं अण्णांचं खरंच होतं. कायदा मोडणारा माणूस त्यांना दिसेचना. दिसत होते ते विद्यार्थी, सोयरे, भाडेकरू आणि शेजारी.

अखेर एमएच-१२ ची एक मोटार नो एन्ट्रीत शिरली. अण्णांना तिच्यात साक्षात देव दिसला. ते तिच्यासमोर आडवे झाले. इतक्या वर्षांचं साठलेलं सगळं, कलमांसकट, त्या माणसाला ऐकवलं. त्यानं निमूट ऐकून घेतलं आणि म्हणाला, ‘चुकलं काका. मी शनिवार पेठेतल्या इनामदारांचा जावई. गर्दीत वाट सापडेना.’

अण्णांचा हात खाली आला. ‘अहो, मग आधी सांगायचं नाही का जावईबापू? इनामदार आणि मी एका बाकावर होतो!’ जावयाला तसंच पाठवणं त्यांच्या शिस्तीत बसत नव्हतं. काचेतून चहा दिला गेला, मग कंदी पेढा दिला गेला. मागं दोन मंडळांचे गणपती, तीन ट्रॅक्टर आणि एक ढोलपथक खोळंबलं. जाकीट त्याच संध्याकाळी परत मागवण्यात आलं.

सातारा-सांगलीसारख्या गावांचं हेच दुखणं आहे आणि हेच औषधही. इथं हवालदारसुद्धा कुणाचा तरी मावसभाऊ असतो. पावतीपुस्तक उघडायच्या आधी त्याला गाव विचारावं लागतं, आणि गाव विचारलं की पावती फाडायचा हात जड होतो. पावतीच्या जागी ई-चलान आलं, नाक्यानाक्याला कॅमेरे आले, आणि गावात पहिल्यांदाच असा कुणी आला, ज्याला आजोळ नाही. त्याला ‘मी कोण आहे माहीत आहे का’ असं विचारून उपयोग नसतो. त्याला गाडीचा नंबर तेवढा माहीत असतो.

त्याच कॅमेऱ्यानं परवा अण्णांना गाठलं. मोबाइलवर संदेश आला, विनाहेल्मेट, रुपये पाचशे. सोबत फोटो. आम्ही सगळे त्यावर वाकलो. चेतक भर नाक्यात आहे. अण्णांच्या डोक्यावर हेल्मेट नाही. ते आरशाला अडकवलेलं आहे. डावा हात हँडलवर, उजवा हात हवेत, तर्जनी रोखलेली आणि तोंड उघडं. पलीकडून राँग साइडनं येणाऱ्या एका पोराला ते कायदा सांगत होते. फोटो इतका नेमका होता, की दिवाणखान्यात लावावा.

लोकअदालतीत सवलत मिळते का याची वाट न बघता अण्णांनी मुलाकडून लगेच दंड भरून घेतला. मग तो फोटो सगळ्यांना पाठवला. तात्यांनाही गेला, खाली ओळीसह : ‘आमच्याकडं कारवाई अशी होते. खुद्द मलाही सोडलं नाही.’

सांगलीहून उत्तर यायला अर्धा तास लागला, कारण तात्यांना आधी आपला फोटो शोधावा लागला. त्यात ते कॉलेज कॉर्नरला सिग्नल तोडताना अगदी स्वच्छ दिसत होते. खाली लिहिलं होतं, ‘पाव्हणं, तुमच्या फोटोत नंबर जरा पुसट आलाय. आमच्याकडं बघा, कपाळावरचा गंधसुद्धा मोजून घ्या.’