खापर फोडण्याची अथेन्सी रीत

डोईजड झालेल्या पुढाऱ्याला खटला न भरता, रक्ताचा थेंबही न सांडता दहा वर्षांसाठी तडीपार करण्याची ही कृती इ.स.पूर्व पाचव्या शतकात अथेन्समध्ये प्रचलित होती. पहिला मान इ.स.पूर्व ४८७ मध्ये हिपार्कसला मिळाला.

साहित्य : पुढारी एक (शक्यतो नावाजलेला), फुटक्या मडक्यांच्या खापऱ्या, टोकदार खिळा, किमान ६००० नागरिक. नागरिक म्हणजे प्रौढ पुरुष. स्त्रिया, गुलाम व परके रहिवासी चालत नाहीत. पुरावा लागत नाही.

कृती :

१. हिवाळ्यात नागरिकसभेपुढे प्रश्न ठेवावा : यंदा कोणाला घालवायचे आहे काय? नाव घेऊ नये. होकार मिळाल्यास प्रकरण सुमारे दोन महिने मुरू द्यावे.

२. ठरल्या दिवशी अगोरा या बाजारचौकाला कुंपण घालून दहा जमातींसाठी दहा दारे ठेवावीत. प्रत्येकाने खापरीवर नकोशा माणसाचे नाव कोरून ती पालथी टाकावी. जागा उरल्यास मनातले लिहावे. किमॉनला एकाने बहिणीसह चालते होण्यास बजावले होते. दुसऱ्या एकाने माणूस सोडून उपासमारीलाच हद्दपार केले होते.

३. अक्षरशत्रूने शेजाऱ्याकडून लिहून घ्यावे, पण शेजारी कोण ते आधी पाहावे. प्लुटार्क सांगतो की, एका खेडुताने अनोळखी गृहस्थाला अरिस्टायडीसचे नाव लिहायला सांगितले. त्याने काय वाकडे केले, या प्रश्नावर उत्तर आले : काही नाही, सगळे त्याला 'न्यायी, न्यायी' म्हणतात, ते ऐकून कान किटले. गृहस्थाने निमूट नाव लिहून दिले. तो अरिस्टायडीसच होता.

४. घाईच्या वेळी तयार माल वापरावा. अक्रोपोलिसच्या उत्तर उतारावरील विहिरीत थेमिस्टोक्लीसच्या नावाच्या १९० खापऱ्या सापडल्या. अक्षर अवघ्या चौदा जणांचे.

५. मोजणीत एकूण ६००० खापऱ्या न भरल्यास खेळ रद्द. भरल्यास सर्वाधिक नावे ज्याची, त्याने दहा दिवसांत शहर सोडावे. घरदार, जमीन व नागरिकत्व त्याचेच राहते.

टीप : घालवलेला पुढारी अडीअडचणीला परत मागवता येतो. इ.स.पूर्व ४८० मध्ये पर्शियन सैन्य चालून येताच अरिस्टायडीसला बोलावणे गेले. थेमिस्टोक्लीस मात्र पुढे पर्शियाच्याच राजाच्या पदरी राहिला.

सावधगिरी : दोन पुढारी एकत्र शिजवू नयेत. इ.स.पूर्व ४१६ च्या सुमारास निकियास आणि अल्किबियाडीस या हाडवैऱ्यांपैकी एक जाणार, हे उघड होते. दोघांनी गुपचूप हातमिळवणी केली आणि खापर तिसऱ्याच, हायपरबोलसच्या डोक्यावर फुटले. लोक आधी हसले, मग चिडले. सभेत तो प्रश्न त्यानंतरही दरवर्षी विचारला जाई. खापऱ्या मात्र पुन्हा गोळा झाल्या नाहीत.