लिनक्सचा बागुलबुवा : नवलेखकांसाठी प्राथमिक पाठमाला

नवलेखक मित्रहो, हंगाम चांगला आहे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नियमित पाठिंबा संपवला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय आणि बऱ्यापैकी नवा प्रोसेसर लागतो, त्यामुळे धडधाकट चालणारे असंख्य लॅपटॉप एकाएकी म्हातारे ठरले. आता घरोघरी एखादा भाचा पेनड्राइव्ह खिशात घालून येतो आणि विचारतो, "मामा, विंडोजच्या जागी लिनक्स मिंट टाकून देऊ का? फुकट आहे." मामा विचारात पडतो. नेमक्या त्याच घडीला त्याच्या हातात तुमचा लेख पडला पाहिजे.

तो लेख कसा लिहावा हे या पाठमालेत शिकायचे आहे. तंत्रज्ञान येत नसले तरी चालेल; येत नसेल तर हात अधिक मोकळा चालतो. एक पथ्य मात्र पहिल्या दिवसापासून पाळा. खोटे लिहू नका, खोटे पकडले जाते. भीती पकडता येत नाही, कारण ती ठामपणे काही म्हणतच नाही.

पाठ पहिला : खुर्चीला हात घाला

या विद्येला घराणे आहे. जीन ॲमडाल हे आयबीएमचे नामांकित संगणक-रचनाकार १९७० मध्ये तिथून बाहेर पडले आणि त्यांनी स्वतःची कंपनी काढली. ग्राहक आपल्याकडे वळू लागला की आयबीएमचे विक्रेते त्याच्या मनात भीती, अनिश्चितता आणि शंका पेरतात, असे ते सांगत. या पेरणीत यंत्राचे गुणदोष दुय्यम असतात. रोख असतो तो खरेदीच्या कागदावर सही करणाऱ्याच्या खुर्चीवर. आयबीएमचा माल घेतला म्हणून कोणाची नोकरी गेली नाही, ही म्हण त्याच बाजारातली.

म्हणून लेखात कुठेतरी हा प्रश्न टाका : "उद्या काही झालेच, तर जबाबदार कोण?" सरकारी कचेरीत हे वाक्य रामबाण ठरते. उत्तर मात्र देऊ नका. रेड हॅट, सूसे, कॅनॉनिकल या कंपन्या पैसे घेऊन लिनक्सची देखभाल करतात. त्यांतली रेड हॅट २०१९ मध्ये खुद्द आयबीएमने सुमारे ३४ अब्ज डॉलरला विकत घेतली. हे छापले की जबाबदार कोण ते वाचकाला कळते, आणि प्रश्नाची सगळी हवा निघून जाते.

पाठ दुसरा : रोगाचे नाव घ्या

१९९८ च्या ऑक्टोबरअखेर मायक्रोसॉफ्टमधले एक अंतर्गत टिपण बाहेर फुटले. लिनक्ससारखे मुक्त सॉफ्टवेअर दीर्घकाळ टिकेल असा विश्वास लोकांना वाटतो, त्यामुळे त्याच्यापुढे भीती पसरवण्याचे डावपेच चालणार नाहीत, असा त्यात कबुलीजबाब होता. हे वाचून खचू नका. त्याच कंपनीचे वरिष्ठही खचले नाहीत.

२००१ मध्ये कंपनीचे प्रमुख स्टीव्ह बामर यांनी 'शिकागो सन-टाइम्स'ला मुलाखत दिली आणि लिनक्सला कॅन्सर म्हटले : बौद्धिक संपदेच्या दृष्टीने ज्याला शिवेल त्याला चिकटणारा. अभ्यासण्यासारखा नमुना आहे. मूळ मुद्दा लिनक्सच्या परवान्याचा होता. तो परवाना सांगतो की प्रोग्राममध्ये बदल करून तो दुसऱ्याला दिलात, तर बदललेला मूळ कोडही द्या. नुसता वापरणाऱ्यावर, त्यावर पत्रे टंकणाऱ्यावर, हिशेब ठेवणाऱ्यावर अशी कसलीच अट नाही. दोन वाक्यांत उलगडणारी ही गोष्ट एका रोगाच्या नावाखाली गाडता येते, हे बामर यांनी दाखवून दिले.

पुढे २०१४ मध्ये त्यांचे उत्तराधिकारी सत्य नाडेला यांनी मायक्रोसॉफ्टचे लिनक्सवर प्रेम असल्याचे जाहीर केले, आणि २०१६ मध्ये स्वतः बामरही निवळले. रोग्याची प्रकृती सुधारल्याचे वाचकाला कळवण्याचे तुम्हाला बंधन नाही.

पाठ तिसरा : आकडा द्या, यादी देऊ नका

मे २००७ मध्ये 'फॉर्च्यून' मासिकातून मायक्रोसॉफ्टचा दावा जगापुढे आला : मुक्त सॉफ्टवेअर आमच्या २३५ पेटंटांचे उल्लंघन करते, त्यांतली ४२ एकट्या लिनक्स कर्नलच्या, म्हणजे प्रणालीच्या गाभ्याच्या, वाट्याची. कोणती २३५? ते सांगितले नाही. यादी दिली असती तर प्रोग्रामर मंडळींनी एकेक पेटंट तपासले असते, काही न्यायालयात टिकणार नाहीत म्हणून बाजूला टाकली असती, उरलेल्यांसाठी कोड बदलला असता. नुसता आकडा दुरुस्त करता येत नाही.

ठरत आलेली लग्ने याच रीतीने मोडतात. "मुलगा चांगलाच आहे हो, पण... जाऊ दे, आपण कशाला बोला!" उद्या कोणी जाब विचारला तर आपण काही बोललेलोच नसतो.

२०१८ मध्ये मायक्रोसॉफ्ट लिनक्सच्या पेटंट-संरक्षणासाठी स्थापन झालेल्या ओपन इन्व्हेन्शन नेटवर्कमध्ये सामील झाली आणि आपली सुमारे ६० हजार पेटंटे तिने त्या करारात आणली. तुमच्या लेखाला मात्र २००७ चा आकडा पुरेसा आहे. तो दिसतोही भरदार.

पाठ चौथा : पुरावा दाखवा, पण वाचता येऊ नये

मार्च २००३ मध्ये एससीओ ग्रुप या कंपनीने आयबीएमवर खटला भरला. आमचा युनिक्सचा कोड लिनक्समध्ये घुसवला, हा आरोप. मग लिनक्स वापरणाऱ्या कंपन्यांना इशाऱ्याची पत्रे गेली, आणि एका प्रोसेसरमागे ६९९ डॉलरचा परवाना विक्रीला निघाला. पुरावा मागणाऱ्यांसाठी ऑगस्टमध्ये लास व्हेगासच्या मेळाव्यात पडद्यावर कोड झळकला. त्यातला काही मजकूर ग्रीक अक्षरांच्या फाँटमध्ये झाकलेला होता.

इथे एक धोका शिकून घ्या. पडद्याची छायाचित्रे बाहेर पडली, जाणकारांनी अक्षरे परत फिरवली आणि त्यातला एक तुकडा कुठला ते शोधून काढले. तो निघाला पुरातन युनिक्समधला. ते पुरातन युनिक्स याच कंपनीने, काल्डेरा या जुन्या नावाने वावरत असताना, २००२ मध्ये मुक्त परवान्याखाली खुले केले होते! पुढे २००७ मध्ये न्यायालयाने युनिक्सचे कॉपीराइट हक्क नॉव्हेल कंपनीचे असल्याचे सांगितले, २०१० मध्ये ज्यूरीनेही तेच म्हटले. दरम्यान एससीओ दिवाळखोरीच्या न्यायालयात पोचली होती.

बोध : पुरावा दाखवूच नका. "प्रकरण न्यायप्रविष्ट आहे" एवढे म्हणा. आयबीएमबरोबरचा वाद मिटायला २०२१ साल उजाडले. तेवढी वर्षे हे एक वाक्य सहज पुरते.

पाठ पाचवा : तराजू स्वतःच आणा

विंडोजपेक्षा लिनक्स दहापट महाग, अशी मायक्रोसॉफ्टची एक जाहिरात ब्रिटनमध्ये झळकली. तुलनेत विंडोज साध्या सर्व्हरवर चालत होते आणि लिनक्स आयबीएमच्या मेनफ्रेमवर. २००४ मध्ये तिथल्या जाहिरात-नियामकाने तक्रार ग्राह्य धरून ती दिशाभूल ठरवली. जाहिरातीला नियामक असतो, लेखाला नसतो, संधी ओळखा.

पाठ सहावा : गोष्ट सोयीच्या वर्षी सुरू करा

जर्मनीतल्या म्युनिक महापालिकेने २००३ मध्ये लिनक्सकडे जायचे ठरवले. बामर स्वतः महापौरांना भेटून आले, तरी निर्णय बदलला नाही. सुमारे १५ हजार संगणक टप्प्याटप्प्याने बदलले गेले. २०१७ मध्ये पालिकेने पुन्हा विंडोजकडे वळायचे ठरवले. २०२० मध्ये नव्या सत्ताधारी आघाडीने शक्य तिथे मुक्त सॉफ्टवेअरला प्राधान्य देण्याचे जाहीर केले.

तुमची गोष्ट २०१७ मध्ये सुरू होते आणि २०१७ मध्येच संपते. केरळच्या सरकारी शाळांतली मुले वर्षानुवर्षे मुक्त प्रणालीवर शिकतात, हा विषय गोष्टीत बसत नाही. नोव्हेंबर २०१७ पासून जगातल्या सर्वांत वेगवान ५०० महासंगणकांच्या यादीत लिनक्सशिवाय एकही यंत्र नाही आणि पुण्याच्या सी-डॅकचे 'परम'ही लिनक्सवरच चालतात, हेसुद्धा बसत नाही. मामाला महासंगणकाशी काय करायचे आहे? (त्याच्या हातातल्या अँड्रॉइड फोनमध्ये लिनक्सचा कर्नल आहे, हे तर त्याला कळूच देऊ नका.)

पाठ सातवा : खरी बातमी सापडली तर

कधीकधी भीती खरीच असते, आणि तिथे नवशिक्याचा कस लागतो. मार्च २०२४ चे उदाहरण घ्या. एक्सझेड हे फाइली दाबून लहान करणारे साधन जवळपास प्रत्येक लिनक्समध्ये असते. ते सांभाळणारा माणूस होता एक, तोही विनामोबदला काम करणारा आणि थकलेला. 'जिया टॅन' या नावाने कोणीतरी दोनेक वर्षे मदत करून विश्वास कमावला, सूत्रे हाती घेतली आणि आवृत्ती ५.६.० व ५.६.१ मध्ये चोरदरवाजा बसवला. आंद्रेस फ्रॉइंड या प्रोग्रामरला दूरच्या संगणकात शिरताना अर्धा सेकंद जास्त लागतोय असे दिसले. तो मागावर गेला आणि बिंग फुटले. फ्रॉइंड नोकरीला होता मायक्रोसॉफ्टमध्ये. त्या आवृत्त्या प्रामुख्याने चाचणीच्या आणि सतत ताज्या होणाऱ्या वितरणांतच पोचल्या होत्या. सर्वसामान्यांच्या स्थिर आवृत्त्या बचावल्या.

हे सगळे लिहिलेत तर वाचक काय करील? आपली आवृत्ती तपासील. सगळे जग ज्या साधनावर उभे आहे ते एकाच माणसाच्या खांद्यावर का, असे विचारील. अशा कामाला पैसे मिळायला हवेत, असेही म्हणील. म्हणजे लेख फुकट गेला! "लिनक्समध्ये चोरदरवाजा" एवढेच लिहा आणि थांबा. वानाक्राय या खंडणीखोर प्रोग्रामने २०१७ मध्ये विंडोजची यंत्रे ओलीस धरली, किंवा जुलै २०२४ मध्ये क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या एका सदोष अपडेटने सुमारे ८५ लाख विंडोज यंत्रे निळ्या पडद्यावर आणली, याचा उल्लेख विषयांतर समजला जाईल.

पाठ आठवा : समोरच्या पक्षातही कामे मिळतात

ही विद्या कोणत्याही एका कंपनीची मिरास नाही. २०१६ मध्ये मायक्रोसॉफ्टचे जर्मनीतले मुख्यालय म्युनिक शहरात आले. २०१७ मध्ये पालिकेने विंडोजकडे परतायचे ठरवले. ही दोन वाक्ये शेजारी ठेवा आणि गप्प बसा : झालात लिनक्सचे कैवारी. घरातल्या घरातही वाव आहे. २०१४ च्या सुमारास सिस्टमडी या घटकावरून लिनक्सवाल्यांनीच लिनक्स संपल्याचे इतक्यांदा जाहीर केले की बाहेरच्या शत्रूला काही काम उरले नाही.

पाठ नववा : खऱ्या तक्रारीपासून दूर राहा

हा पाठ सर्वांत अवघड. लिनक्समध्ये उणिवा आहेत, आणि त्या नावानिशी सांगता येतात. फोटोशॉप त्यावर थेट चालत नाही. टॅली विंडोजसाठी बनलेले आहे. महाराष्ट्रातल्या कित्येक डीटीपीवाल्यांचा वर्षानुवर्षांचा मजकूर श्रीलिपीच्या फाँटांत अडकला आहे आणि ते सॉफ्टवेअर विंडोजचे. काही वाय-फाय चिपना ड्रायव्हर मिळवताना नाकी नऊ येतात.

"तुमचा धंदा श्रीलिपीवर चालत असेल तर घाई करू नका" हे वाक्य चुकूनही लिहू नका. डीटीपीवाला ते वाचून योग्य निर्णय घेईल, आणि मामा म्हणेल, "माझे काम तर ब्राउझर आणि ईमेलचे, मला काय त्याचे?" त्यात भाच्याने सांगितले, की मिंट डिस्कवर न टाकता नुसत्या पेनड्राइव्हवरून चालू करून वाय-फाय, प्रिंटर, आवाज तपासता येतो, तर तुमचा वाचक गेलाच.

स्वाध्याय

१. पुढील वाक्य भयप्रद करा : "या प्रिंटरचा स्कॅनर लिनक्सवर चालत नाही, छपाई मात्र होते."
२. कारणे द्या : आवृत्तीचा क्रमांक लिहिल्याने लेख बिघडतो.
३. गाळलेली जागा भरा आणि तशीच गाळलेली ठेवा : "जबाबदार ______."

गुणदान सोपे आहे. लेख वाचून वाचकाने आहे तिथेच बसून काळजी केली, तर तुम्ही उत्तीर्ण. वाचून उठून त्याने काही तपासले, बदलले किंवा विचारपूर्वक नाकारले, तर तुम्ही नापास : भीती घालायला बसलात आणि टीका लिहून बसलात.